सावली आणि पडसाद

पुरंदरच्या डोंगरांतून उतरलेली कऱ्हा बारामतीवरून पुढे जाऊन सोनगावाजवळ नीरेला मिळते, आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुराशी भीमेच्या पात्रात शिरते. या तीन नद्यांच्या बेचक्यातला मुलूख एके काळी दुष्काळासाठी प्रसिद्ध होता. आज तो ऊस आणि दूध यांसाठी ओळखला जातो. ज्या घराच्या दारात दोन संकरित गाई आहेत त्या घरातल्या शाळकरी पोरालाही ‘दगडी’ म्हणजे काय ते सांगता येते. पहाटे धार काढायला बसणारा माणूस आधी कासेवरून हात फिरवतो, एखादे थान गरम किंवा कठीण लागते का ते पाहतो, पहिल्या दोन धारा बाजूला काढून त्यांत गाठी नाहीत ना याची खात्री करून घेतो. शंका आली तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलावणे जाते. गाईच्या कासेविषयी इतकी जागरूकता बाळगणाऱ्या अशा घरांतली सून मात्र आपल्या अंगावरच्या गाठीविषयी सहा-सहा महिने कोणाजवळ शब्द काढत नाही. काढलाच तर ‘छातीत दुखतंय’ एवढाच. आणि ऐकणाऱ्याला वाटते, काळजाचे काही असेल.

यात त्या सुनेला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. दुखणे अंगावर काढण्याची शिकवण तिला कोणी दिली, हे आपण सारेच जाणतो. पण तिने तोंड उघडले, घरच्यांनी तिला दवाखान्यात नेले, तरी पुढे एक प्रश्न उरतोच. स्तनातली गाठ पुवाची आहे की कर्करोगाची? पू असेल तर तो काढला की बाई आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागते. कर्करोग असेल तर वाया गेलेला प्रत्येक महिना आयुष्यातून वजा होतो. हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर शोधताना माणसाने आधी बोटे वापरली, मग सुरी, मग सावली, आणि अगदी अलीकडे पडसाद. त्या शोधाची ही हकीकत.

आपल्याकडे सुश्रुताने निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोगांचा विचार केला आहे. कुमारिकांच्या स्तनांतील वाहिन्यांची द्वारे मिटलेली असतात, म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत. गर्भारपणात व बाळंतपणानंतर ती उघडतात, आणि मग रोगाला वाट मिळते, असे त्याचे म्हणणे. बाळंतिणीच्या गळवाविषयी हे निरीक्षण आजच्या डॉक्टरलाही फारसे खोडता येणार नाही. पुढच्याच अध्यायात अर्बुद येते. ते गोल असते, स्थिर असते, खोल रुजलेले असते, हळूहळू वाढते, आणि मुख्य म्हणजे ते पिकत नाही. विद्रधी पिकतो, अर्बुद पिकत नाही. जुन्या वैद्याच्या हाती एवढीच कसोटी होती, आणि यंत्रावाचून मिळालेल्या कसोटीच्या मानाने ती वाईट नव्हती. कच्चे गळू कापणारा आणि पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा अशा दोन्ही वैद्यांना सुश्रुताने फार कठोर शब्दांत धिक्कारले आहे, त्यावरून ही चूक त्याही काळी वारंवार होत असावी असे वाटते.

या कसोटीत एक खोट होती. ती लागू करायची तर वाट पाहावी लागे. गावोगावी तेच चालले. जवसाचे पोटीस बांधायचे, शेक द्यायचा, आणि गाठ पिकते का ते पाहायचे. पिकली तर न्हावी किंवा वैद्य चिरा देई. पिकली नाही तर पोटीस बदलायचे. ज्या गाठीत पू नव्हता ती पोटिसाखाली निवांतपणे काखेपर्यंत पसरे.

वाट न पाहता आत डोकावण्याची पहिली सोय ८ नोव्हेंबर १८९५ रोजी झाली. जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटजेन याला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी, दोन्ही स्पष्ट. जगभर हाडे पाहण्याची एकच धूम उडाली. पण स्तनात हाड नाही. चरबी, दूधग्रंथी आणि गाठ या तिन्ही वस्तू क्ष-किरणांना जवळजवळ सारख्याच वाटतात. हाड म्हणजे सूर्याआड उभी भिंत. तिची सावली कोणालाही दिसेल. स्तनातली गाठ म्हणजे पातळ पडद्याआड धरलेला दुसरा पातळ पडदा. त्याची सावली ओळखायला निराळीच नजर लागते.

ती नजर प्रथम बर्लिनच्या आल्बर्ट सालोमन या शस्त्रवैद्याने कमावली. शस्त्रक्रियेत काढून टाकलेले सुमारे तीन हजार स्तन त्याने क्ष-किरणांखाली ठेवले, चित्रे घेतली, मग तेच स्तन कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि १९१३ साली आपले निष्कर्ष छापले. कर्करोगाच्या गाठीची कड कशी कातरलेली असते, ती आजूबाजूला मुळे कशी सोडते, हे त्याने दाखवून दिले. चित्रांत कोठे कोठे बारीक ठिपके दिसत होते, त्यांचे महत्त्व मात्र त्याच्या ध्यानी आले नाही. पुढे पहिले महायुद्ध आले, आणि त्यानंतर जर्मनीत जे आले ते ठाऊकच आहे. ज्यू म्हणून सालोमनचे काम गेले, त्याला छळछावणीत टाकले. सुटल्यावर तो हॉलंडला पळाला आणि जगला. त्याची मुलगी शार्लोटे चित्रकार होती. १९४३ साली आउश्वित्सच्या छावणीत तिला मारण्यात आले तेव्हा ती सव्वीस वर्षांची आणि गर्भवती होती. बापाचा शोध आणि मुलीची शेकडो चित्रे, दोन्ही आज टिकून आहेत.

सालोमनने काढलेल्या स्तनांची चित्रे घेतली. जिवंत बाईच्या स्तनाचे चित्र घेऊन आधी निदान आणि मग शस्त्रक्रिया, असा क्रम अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या स्टॅफर्ड वॉरन याने १९३० साली मांडला. (हाच वॉरन पुढे अणुबाँब तयार करणाऱ्या प्रकल्पाचा वैद्यकीय प्रमुख झाला. किरणांचा अभ्यास माणसाला कोठून कोठे नेतो!) बारीक ठिपक्यांचा अर्थ लावला तो दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाच्या राऊल लेबोर्न्यने, १९५० च्या सुमारास. ते ठिपके म्हणजे चुन्याचे कण, आणि ते मिठाच्या चिमटीसारखे एके ठिकाणी दाटले असतील तर हाताला काहीच लागत नसतानाही आत कर्करोग असू शकतो, हे त्याने ओळखले. स्तन दोन पट्ट्यांत दाबून सपाट केला की चित्र चांगले येते, हेही त्याचेच. मॅमोग्राफीला गेलेल्या बायकांना ज्या दाबाचा राग येतो त्याचे मूळ हे असे आहे. छातीचे फोटो काढणारेच यंत्र तोवर या कामाला जुंपले जात होते. १९६० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या शार्ल ग्रो याने मॉलिब्डेनम धातूतून निघणारे मऊ किरण वापरून केवळ स्तनासाठी असे स्वतंत्र यंत्र घडवून घेतले. मऊ किरणांना चरबी आणि गाठ यांतला फरक कळतो.

या यंत्राने जीव वाचतात काय, हे पाहण्यासाठी १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे बासष्ट हजार बायकांची पाहणी सुरू झाली. निम्म्यांना दरसाल हाताने व यंत्राने तपासले, निम्म्यांना नाही. दहा वर्षांनी पहिल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने मेलेल्या बायका सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाल्या. सावलीचा हा विजय मोठा होता, पण तो सर्वत्र सारखा टिकला नाही. कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या पाहणीत सुमारे नव्वद हजार बायका होत्या; पंचवीस वर्षांच्या हिशोबानंतर २०१४ साली तिथल्या संशोधकांनी सांगितले की मृत्यूंत फरक आढळला नाही. या वादात आपण शिरायला नको. आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा दुसराच आहे. तरुण स्तनात ग्रंथी दाट असतात, आणि दाट ग्रंथी क्ष-किरणाच्या चित्रात पांढऱ्या दिसतात. गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी शेळी शोधावी तसे होते. दूध पाजणाऱ्या बाईच्या स्तनात तर हे धुके सर्वांत दाट. आपल्याकडच्या बायकांना हा कर्करोग पश्चिमेकडल्यापेक्षा सरासरीने लहान वयात होतो, आणि गळू तर बाळंतिणीचेच दुखणे. तेव्हा जिला आत पाहण्याची सर्वांत अधिक गरज, तिच्याच बाबतीत सावली अपुरी पडते.

महाराष्ट्रात या विद्येचे माहेरघर म्हणजे परळचे टाटा रुग्णालय. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, पाठोपाठ पुढच्या वर्षी सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या विश्वस्तांनी ही वास्तू उभी केली. तेथे वसंत रामजी खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली हजारो गाठी तपासल्या, आणि पारशी स्त्रियांत स्तनाचा तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक आढळतो, याकडे लक्ष वेधले. तेथेच गोमंतकातून आलेल्या डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांनी शस्त्रवैद्य म्हणून आयुष्य वेचले. रुग्णालयाशेजारचा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९६३ साली मुंबईत कर्करोग्यांची नोंदवही सुरू झाली, ती देशातली अशी पहिली. बारामती-इंदापूरच्या बाईला मात्र परळ म्हणजे दौंडला गाडी धरून केलेला प्रवास, दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर मुक्काम, आणि मागे घरी दुभत्या जनावरांचे हाल. गाठ मोठी झाल्यावाचून हा प्रवास कोण करणार?

आता सावली सोडून पडसादाकडे वळू.

जॉन वाइल्ड हा इंग्रज शस्त्रवैद्य. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते, आणि त्यांच्या धक्क्याने ज्यांची आतडी फुगली आहेत असे रोगी त्याच्याकडे येत. आतड्याची भिंत किती जाड झाली आहे हे पोट न फाडता कसे कळेल, हा विचार त्याच्या डोक्यात बसला. युद्धानंतर तो अमेरिकेत मिनेसोटाला गेला. तेथे वैमानिकांना रडारचे शिक्षण देण्यासाठी नौदलाने बनवलेले एक यंत्र होते. त्यात माणसाला ऐकू न येणारा ध्वनी पाण्यातून सोडून त्याचे पडसाद टिपले जात. वाइल्डने ते वापरून पाहिले, जॉन रीड या अभियंत्याला हाताशी धरले, आणि १९५२ साली दोघांनी जिवंत स्तनातल्या गाठींची पडसादांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध केली. सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गर्भवती येते, पण ग्लासगोच्या इयान डोनाल्डचा गर्भाशयावरचा प्रसिद्ध निबंध १९५८ सालचा. म्हणजे या यंत्राने गर्भ दाखवून नाव कमावण्याच्या आधी स्तन पाहिला होता. ही गोष्ट पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पडसादाची रीत अंगणातल्या आडासारखी आहे. आडात हाक मारली तर पाणी किती खोल आहे ते कानाला कळते. ध्वनी स्तनात शिरतो, जेथे एका द्रव्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तेथून थोडा परत येतो. स्वच्छ पाण्याची गाठ असेल तर आतून पडसादच येत नाही. पडद्यावर काळाभोर डोह दिसतो, आणि त्याच्यामागचा भाग उलट अधिक उजळतो. पुवाचा डोह गढूळ असतो. त्यात तरंगणारे कण दिसतात, यंत्राचा दट्ट्या हलकेच दाबला तर ते हलतात, आणि भोवतीच्या जाड भिंतीत रक्त खेळत असल्याचे रंगीत डॉपलरमध्ये दिसते. कर्करोगाच्या गाठीची कड वेडीवाकडी, तिची उंची बहुधा रुंदीपेक्षा अधिक, आणि तिच्यामागे पुष्कळदा काळी सावली. दाट ग्रंथींचे धुके येथे आड येत नाही. किरणांचे भय नाही, दाबून सपाट करणे नाही, आणि लेकरू मांडीवर असतानाही तपासणी होते. चुन्याचे सूक्ष्म कण दाखवण्यात मात्र सावलीचाच हात वर आहे, आणि गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून शेवटचा निवाडा दोघांपैकी कोणालाच देता येत नाही.

पडसादामुळे गळवाची चिकित्साच पालटली, आणि ही गोष्ट आपल्या लोकांत फारशी पोचलेली नाही म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो. पूर्वी स्तनातले गळू म्हणजे भूल देऊन मोठा चिरा, आत बोट घालून पुवाचे कप्पे मोडणे, जखमेत बोळा, रोजचे ड्रेसिंग, आणि लेकराला बाटली. बाईच्या अंगावर जन्मभराचा वण राही, आणि पुष्कळदा त्या बाजूचे दूध जाई. १९८८ साली एडिंबरोच्या डिक्सन या शस्त्रवैद्याने बाळंतिणींच्या गळवांतला पू सुईने काढून, सोबत औषधे देऊन, लागेल तितक्या वेळा पुन्हा सुई घालून गळवे बरी केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे ही सुई सोनोग्राफीच्या नजरेखाली जाऊ लागली, तेव्हा कोणता कप्पा भरलेला आहे, कोणता रिकामा झाला, हे दिसू लागले. दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहायचे. डोह पुन्हा भरला असेल तर पुन्हा उपसायचा. दिसेनासा झाला की थांबायचे. या काळात लेकराला अंगावर पाजणे चालू ठेवावे, तुंबलेला पान्हा मोकळा करणे हाच अर्धा उपचार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली स्पष्ट सांगितले. दूध ‘नासले’ म्हणून लेकरू तोडणाऱ्या आपल्या आजीबाईंना हे पटवणे सोपे नाही. गळू फार मोठे असेल, वरची कातडी पातळ होऊन फुटायच्या बेतात असेल, तर चिरा अजूनही लागतो.

आता हे दोन-तीन दिवसांनी पुन्हा येणे कोणाला परवडते ते पाहा. दिवाळी सरते आणि बारामती-इंदापूरच्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती हंगामभर फेडायची. पहाटे अंधारात फडावर गेलेली ओली बाळंतीण लेकराला बांधावर झोळीत ठेवते. मोळी बांधून, गाडी भरून होईपर्यंत पाजायला सवड नसते, आणि पान्हा तुंबतो. गळू होण्याला याहून अधिक काय लागते? सुईने पू काढायचा म्हणजे तिला तीन-चार खेपा तालुक्याला यावे लागणार, आणि प्रत्येक खेप म्हणजे एक खाडा. चिऱ्याचा उपचार तिला अधिक त्रासाचा, पण एका दिवसात उरकणारा. शास्त्र कितीही सौम्य झाले तरी त्याची एक किंमत असते, आणि ती या बाईला खाड्यांत मोजावी लागते. डिक्सनच्या निबंधात खाड्याचा विचार असणे शक्य नव्हते. आपल्या डॉक्टरांनी मात्र तो करायला हवा.

या पुन्हा पाहण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. काही कर्करोग गळवाचे सोंग घेतात. स्तन लाल होतो, गरम होतो, सुजतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. बाईला वाटते दूध तुंबले, डॉक्टरला वाटते गळू होते आहे, आणि औषधाच्या गोळ्यांवर महिना जातो. उलट बाजूला क्षयरोग आहे. इंग्लंडच्या सर ॲस्टली कूपर यांनी १८२९ सालीच स्तनाच्या क्षयाचे वर्णन केले आहे, आणि आपल्या देशात तो अजूनही भेटतो. तो कधी कर्करोगासारखा कठीण लागतो, कधी पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या गळवासारखा वाहतो. म्हणून नियम असा की, पू काढल्यावरही गाठ शिल्लक राहिली, किंवा लाली औषधांना दाद देईना, तर तुकडा काढून तपासलाच पाहिजे. पडसादाच्या नजरेखाली सुई नेमकी संशयित जागी नेता येते. कर्करोग ठरल्यावरही पडसादाचे काम संपत नाही; शस्त्रक्रियेआधी औषधे देऊन गाठ आटवतात, तेव्हा ती किती आटली हे पाहायला बाईला पुन्हा पुन्हा त्याच पडद्यापुढे आणतात.

इतके गुणी यंत्र, स्वस्त, हातात धरून नेता येण्याजोगे. मग ते प्रत्येक आरोग्य केंद्रात का नाही? त्याचे एक कारण पैशाचे आहे, दुसरे शिकलेल्या हातांच्या टंचाईचे, आणि तिसरे आपल्या समाजाच्या चारित्र्याचे. तिसऱ्याविषयी बोलणे भाग आहे.

गर्भ मुलीचा आहे की मुलाचा हे त्याच यंत्रातून दिसते, हे लक्षात आल्यावर आपल्या सुशिक्षित, सधन महाराष्ट्राने काय केले ते जनगणनेत नोंदलेले आहे. सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. स्त्रियांच्या चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानावर कायदा केला, देशात पहिल्याने; केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९६ च्या आरंभी लागू झाला. कायदा कागदावर राहिला. तेव्हा २००० साली तिघेजण सर्वोच्च न्यायालयात गेले. एक मुंबईची ‘सेहत’ ही संस्था, दुसरे डॉ. साबू जॉर्ज, आणि तिसरी ‘मासूम’, जी पुरंदर तालुक्यातल्या खेड्यांत काम करते. म्हणजे ज्या डोंगरांतून कऱ्हा उतरते तेथल्याच बायकांच्या बाजूने हा दावा उभा राहिला होता. न्यायालयाने सरकारांना खडसावले, प्रत्येक यंत्राची नोंद करायला लावली, आणि २००३ साली कायदा अधिक कडक झाला. कोल्हापुरात जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुखांनी सोनोग्राफीच्या यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे पहारेकरी यंत्र जोडायला लावले. हे देशमुख पुढे बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा वाचकांना ते परके नाहीत.

स्तन पाहणारा दट्ट्या चार-पाच सेंटिमीटरपलीकडे पाहू शकत नाही. त्याला गर्भ दिसणार नाही. पण दट्ट्या काढून दुसरा लावला की तेच यंत्र गर्भाशयात डोकावते. म्हणून कायदा दट्ट्यावर नव्हे, यंत्रावर कुलूप घालतो. नोंदणीवाचून यंत्र ठेवता येत नाही, हलते यंत्र गावोगाव मनाप्रमाणे फिरवता येत नाही, आणि एखाद्या केंद्रावर कारवाई होऊन यंत्राला मोहोर लागली की गळवाची बाळंतीणही त्या दारातून परत जाते. पुष्कळ डॉक्टर या कायद्यावर चिडून आहेत, आणि त्यांच्या काही तक्रारी रास्त आहेत. तरीही माझ्या मते हे कुलूप काढण्याची वेळ आलेली नाही. किल्ली कोणाच्या हाती द्यायची, सरकारी रुग्णालयात केवळ स्तनासाठी बांधलेले, दुसरा दट्ट्या स्वीकारणारच नाही असे यंत्र चालेल काय, हा विचार मात्र झाला पाहिजे. न जन्मलेल्या मुलींसाठी आईने भरलेला हा दंड आहे, आणि गुन्हा तिने एकटीने केलेला नव्हता.

यंत्र येईपर्यंत काय करायचे, याचे उत्तर बार्शीने दिले आहे. इंदापूरहून भीमा ओलांडून सोलापूरच्या वाटेला लागले की बार्शी फार लांब नाही. तेथे नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे, आणि १९८७ साली त्याच्या आश्रयाने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे. शहरात रोगी रुग्णालयात येतो आणि नोंद होते. खेड्यात रोगी येतच नाही. म्हणून नोंद करणारे कार्यकर्ते स्वतः गावात जात, पारावर बसत, रोगाची लक्षणे सांगत, कोणाला काही त्रास आहे का विचारत, आणि संशयिताला सोबत घेऊन येत. काही वर्षांतच दिसून आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. कोणीतरी येऊन विचारले होते, इतकेच.

दुसरे उत्तर मुंबईचे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली झोपडवस्त्यांतल्या ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ बायकांची पाहणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत, थोडेसे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत, मॅमोग्राफी नाही. वीस वर्षांचा हिशोब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात पुढच्या अवस्थेतले कर्करोग शेकडा ३७ निघाले, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फायदा दिसला नाही, आणि सर्व वयांचा एकत्र हिशोब केला तर घट पंधरा टक्क्यांची, तीही संख्याशास्त्राच्या काट्यावर पुरती न उतरणारी. हे सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. तरीही न्यूयॉर्कमध्ये यंत्राने जे साधले, त्याच्या जवळपास मुंबईच्या झोपडवस्तीत सेविकेच्या बोटांनी पन्नाशीपुढच्या बायकांसाठी साधले. बोटाला गाठ लागली की मग सावली आणि पडसाद यांची पाळी येते.

सरकारने २०१६ साली तीस ते पासष्ट वर्षांच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी हस्तपरीक्षा करावी असे ठरवले. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी किती जणींची स्तनतपासणी कधी तरी झाली आहे असे विचारले, तर देशाचा आकडा शेकडा एकही भरला नाही: ०.९. दरम्यान २०२० या एका वर्षात देशात सुमारे १,७८,००० बायकांना हा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ९०,००० दगावल्या, असा अंदाज आहे.

बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता कऱ्हेकाठच्या बाईला पहिल्या तपासणीसाठी दौंडची गाडी धरण्याचे कारण उरले नाही. आणि त्याआधीची पायरी तर तिच्या दारातच आहे. गावच्या आशाताईजवळ एक छापील तक्ता असतो, त्यात बायकांसाठी वेगळे प्रश्न आहेत: स्तनात गाठ लागते का, बोंडीतून रक्ताळ पाणी येते का, आकारात बदल वाटतो का. अनुभवी आशाताई हा तक्ता भरायला सकाळी धारांच्या वेळी जात नाही. दुपारी, पुरुषमाणसे शेतावर गेली की जाते. आणि सासू शेजारी ठाण मांडून बसलेली असेल तर आधी तिचाच तक्ता भरते.